सात दिवसांनी मोठा

फुटबॉलचा सामना सुरू होण्याआधी इतर शाळांचे शिक्षक आपल्या मुलांना गोळा करून लांबलचक काही सांगत. आमचे पीटी गुरुजी दोनच शब्द सांगत, "दीड घटिका." घटिका म्हणजे चोवीस मिनिटं, दीड घटिका म्हणजे छत्तीस. अर्धा सामना पस्तीस मिनिटांचा असे. उरलेलं एक मिनिट कशाचं, असं कोणी विचारलं तर ते म्हणत, "ते पंचाच्या लहरीचं." त्यांच्या मनगटावर घड्याळ कधी नव्हतं, पण मध्यंतराची शिट्टी वाजायच्या आत ते पाण्याच्या बाटल्या उचलून उभे असत.

शाळेत ते खेळाचे शिक्षक आणि बनारसच्या दुर्गाघाटावरच्या घरी पंचांग-पत्रिकेचे गुरुजी. दोन्ही बाजूंनी ओढून लोकांनी त्यांचं नाव पीटी गुरुजी करून टाकलं होतं. धोतर नेसून पत्रिका करायची, मग पँट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर यायचं. शेंडी तेवढी दोन्हीकडे तीच. आमचा कप्तान राजू, घाटावरच्या नाववाल्याचा मुलगा, दर सामन्याआधी हात जोडून म्हणायचा, "गुरुजी, तनी पतरा देख के बताईं, आज जीतब कि ना?" पतरा म्हणजे पंचांग. गुरुजी त्याच्या बुटांकडे बघत म्हणत, "पतरे में तुम्हारा पैर नहीं दिखता. जा, फीते बाँध."

शाळा गल्लीत, मैदान नावाला नाही. म्हणून सराव गंगेच्या पलीकडे, रेतीवर. पहाटे राजूच्या वडिलांची नाव दुर्गाघाटावरून सुटायची आणि आम्ही सोळा मुलं आणि गुरुजी कुडकुडत पलीकडे जायचो. रेतीत पाय घोट्यापर्यंत रुततात, चेंडू दोन हात जाऊन थांबतो. आम्ही कुरकुर करायचो. गुरुजी म्हणत, "रेती शिव्या खाते म्हणून गवत आशीर्वाद देतं." हे वाक्य त्यांनी त्याच क्षणी तयार केलेलं असे, पण सांगत मात्र असं की जणू आजोबांपासून चालत आलं आहे.

त्या वर्षी मी अकरावीत होतो आणि पुढच्या फळीत खेळायचो. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. साखळीतला पहिलाच सामना आम्ही चार गोलांनी हरलो. गुरुजींची एक रीत होती: हरलं की कचौडी-जिलबी, जिंकलं की घरी जा. "जिंकलेल्याचं पोट भरलेलं असतं," ते म्हणत. त्या दिवशी आम्ही पोटभर कचौड्या खाल्ल्या आणि पुढचे तीन सामने उपाशी घरी गेलो. उपांत्य सामन्यात मी दोन गोल मारले. आमची शाळा अंतिम सामन्यात पोचली हे ऐकून मुख्याध्यापकांनी आधी "कशाच्या?" असं विचारलं, इतकी आम्हाला त्याची सवय नव्हती.

अंतिम सामन्याला पाच दिवस होते. खेळाडूंना ठेवून घेऊन शिकवणाऱ्या स्पोर्ट्स हॉस्टेलचे निवड करणारे बघायला येणार, अशी बातमी होती. मला दुसरं काही दिसत नव्हतं. आईलाही नव्हतं. तिनं गुरुजींना रविवारी जेवायला बोलावलं आणि पुरणपोळी केली.

आईबद्दल सांगायला हवं. आमचं घर दूधविनायक मोहल्ल्यातलं, वडिलांकडून चार पिढ्यांचं मराठी. आई मात्र बनारसचीच, माहेर हिंदी. मराठी ती सासूच्या हाताखाली शिकली, पुरणपोळीसकट. मी जन्मलो तो घरीच, कारण गल्लीत गाडी येत नाही आणि मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायला मी आईला वेळ दिला नाही. वडील रेल्वेत, तेव्हा ड्यूटीवर होते. जन्माचा दाखला काढायचा राहून गेला. पुढे शाळेत नाव घालताना आई एकटी गेली, तेव्हा तिनं फक्त तिथी सांगितली, पूस बदी तीज. अशा बिनदाखल्याच्या मुलांच्या तिथीवरून तारीख काढून द्यायचं काम शाळेनं गुरुजींकडेच दिलेलं होतं. त्यांनी तारीख काढली आणि रजिस्टरात लिहिली, तेवीस जानेवारी.

त्या रविवारी गुरुजी दुसरी पोळी खात होते. आई तूप वाढताना कौतुकानं सांगत होती, "हा पोटातही असाच लाथा मारायचा, गुरुजी. दत्तजयंतीची रांगोळी मीच काढली. सासूबाई बोलत राहिल्या की आता बस कर, पण मी कुठे ऐकते. आणि तिसऱ्या दिवशी हा हजर."

गुरुजींचा हात थांबला. "दत्तजयंतीनंतर तिसऱ्या दिवशी? नक्की?"

"नक्की नाही तर काय. रांगोळी पुसलीही नव्हती."

गुरुजींनी पानाकडे पाहिलं. पानात शीत टाकू नये असं आम्हाला शिकवणारा हा माणूस अर्धी पोळी तशीच ठेवून उठला. आईला वाटलं, पुरण बिघडलं. ती दिवसभर तेच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यांनी मला घाटाच्या पायऱ्यांवर बोलावलं. सराव नव्हता. त्यांच्या मांडीवर कापडात बांधलेलं माझ्या जन्मवर्षाचं जुनं पंचांग होतं. ते उघडायचीही गरज नव्हती. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे कृष्णपक्षाचं नाव एका महिन्यानं सरकतं, हे बनारसच्या मराठी घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. आईचं पूस बदी म्हणजे आपला मार्गशीर्ष वद्य. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, तिच्यानंतरची तीज, म्हणजे तृतीया, तीच. गुरुजींनी रजिस्टर भरताना मराठी आडनाव पाहिलं आणि पूस म्हणजे आपला पौष धरला, एक महिना पुढचा.

"तू आदल्या सालच्या पंचवीस डिसेंबरचा आहेस," ते म्हणाले.

घरी माझं औक्षण तिथीनं व्हायचं, तिथी दरवर्षी सरकते, म्हणून तारखेशी मेळ कोणी घातलाच नव्हता. स्पर्धेची अट अशी की मुलगा एका ठरावीक सालच्या, म्हणजे रजिस्टरातल्या माझ्या सालच्याच, एक जानेवारीला किंवा नंतर जन्मलेला हवा. मी बोटं मोजली. सात दिवस.

"गुरुजी, सातच दिवस."

"हो. सातच."

"कोणाला माहीत आहे?"

"मला. आता तुला."

मी खूप काही बोललो. पाया पडलो. मग रागावून म्हणालो की याआधीचे सामने खेळलो त्याचं काय, तेही चूकच की. ते म्हणाले, "मागचं मला माहीत नव्हतं. पुढचं माहीत आहे." आणि उठता उठता म्हणाले, "आईला सांगू नकोस. तिला वाटेल आपल्या बोलण्यानं झालं. तिनं दोन्ही वेळा खरंच सांगितलं. चुकलो मी."

त्याच दिवशी ते मला घेऊन स्पर्धेच्या कार्यालयात गेले. अर्ज त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता: चूक माझी आहे, मुलगा निर्दोष आहे, उपांत्य सामना हवा तर समोरच्या संघाला द्यावा. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि चहाचा कुल्हड बाजूला सारून म्हणाला, "पंडितजी, कागज में जनवरी है न? तो जनवरी है. आप काहे परेशान हैं? अब फाइनल की चिट्ठियाँ बँट गईं." त्यानं अर्ज परत दिला. नंतर शाळेत मुख्याध्यापकांनी तो घेतला, खणात ठेवला आणि खण लावून टाकला.

त्याआधी, बाबूचं ऐकून मला इतका आनंद झाला होता की मी कार्यालयाचा जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो होतो. "झालं ना मग, गुरुजी? तेच म्हणतायत." मैदागिनच्या गर्दीत एका बाजूला थांबून गुरुजींनी विचारलं, "कागद काय म्हणतो?"

"जानेवारी."

"कागद लिहिला कोणी?"

"तुम्ही."

"मग मी कागदाला काय विचारू?"

पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. मला खेळवायला सगळं जग तयार होतं, एक माणूस सोडून. संघाला त्यांनी एवढंच सांगितलं, "हा खेळणार नाही. कारण माझ्याकडे आहे." कारण सांगितलं असतं तर पोरांनी निदान त्यांना शिव्या दिल्या नसत्या. पण आमच्याकडे गल्लीत बोललेलं पाणी भरायच्या आत घरोघर पोचतं, आणि मग आईपर्यंतही. राजूनं मला कोपऱ्यात धरून विचारलं, "का कइले हउवे तू?" मी म्हणालो, काही नाही केलं. ते खरंच होतं.

अंतिम सामन्याला गुरुजींनी मला शाळेच्या गणवेशात यायला सांगितलं, बूट आणू नकोस म्हणाले. मी बूट पिशवीत घालून नेले आणि रेषेजवळ बसून पायात चढवले. त्यांनी पाहिलं. काढ म्हणाले नाहीत. माझ्या जागी नववीतला एक मुलगा होता, चांगला होता, पण समोर मोकळा गोल दिसला की त्याचे पाय एकमेकांत अडकत. तसे ते दोनदा अडकले. राजूचा एक फटका दांडीला लागून परत आला. मध्यंतराला शून्य-शून्य. गुरुजींनी बाटल्या दिल्या. "दीड घटिका" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा राजू चेंडू बाहेर गेल्याचं निमित्त करून रेषेशी आला. त्याचं सगळं तोंड मातीनं भरलं होतं. "गुरुजी, एके भेज दीं. गोड़ धरत हईं." याला पाठवा, पाया पडतो म्हणत होता. मी उठून उभा राहिलो होतो. गुरुजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते, पत्रिका करताना मोजतात तशी, पण मोजायला काही नव्हतं. "खेळ," ते राजूला म्हणाले. "वेळ आहे." मला त्यांनी बस म्हटलं नाही. मी आपणच बसलो, आणि त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका कोणाचा कधी आला नाही.

चार मिनिटं राहिली असताना गोल झाला. आमच्यावर.

गुरुजी सगळ्यांना रीतीप्रमाणे कचौडीच्या दुकानावर घेऊन गेले. कोणी खाईना. राजू द्रोण कठड्यावर ठेवून निघून गेला, त्याच्यामागे एकेक जण. गुरुजींनी एक कचौडी घेतली, मोडली, आणि परत द्रोणात ठेवली. हॉस्टेलचे लोक आले होते की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही.

आई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. आपल्या हातची पुरणपोळी टाकून गेलेला माणूस आपल्या मुलालाही टाकतो, असा तिनं सरळ हिशोब केला. पुढे गल्लीत गुरुजी समोरून आले की ती तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहायची. ते मान खाली घालून तिच्या बाजूनं निघून जायचे. आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद की तिचा पदर त्यांना लागायचा. नऊ वर्षं हे चाललं. आईला सांगू नको हे गुरुजींचं म्हणणं मी पाळलं, असं मी आता लोकांना सांगतो. खरं असं आहे की आईचा राग मला सोयीचा होता. जे मला त्यांच्या तोंडावर करता येत नव्हतं, ते ती करत होती.

फुटबॉल मी त्याच वर्षी सोडला. बँकेची परीक्षा दिली, फॉर्मवर जानेवारीच लिहिला, गोरखपूरला नोकरी लागली. मागच्या दसऱ्याला घरी आलो तेव्हा गुरुजी आजारी असल्याचं कळलं, म्हणून गेलो. खाटेवर उशांना टेकून बसले होते. शेंडी पांढरी झाली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी विचारलं, "गुरुजी, मी असतो तर जिंकलो असतो?"

मला वाटलं, म्हणतील, खेळात हार-जीत असायचीच. शिक्षक असंच म्हणतात.

"जिंकलो असतो," ते म्हणाले. "त्यांचा डावीकडचा बॅक कच्चा होता. तू त्याला पहिल्या पाच मिनिटांत ओलांडलं असतंस. मी बसल्या बसल्या बघत होतो."

"मग?"

"मग काय. बघत बसलो, सत्तर मिनिटं."

त्यांचा आवाज फुटला नाही की डोळे भरले नाहीत. माझे भरले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना ते सोपं गेलं. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

गुरुजी पौषात गेले. राजूनं फोन केला, आता त्याच्या स्वतःच्या दोन नावा आहेत. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं. घरी येऊन मी आईला म्हणालो, गुरुजींच्या घरी भेटायला जाऊन येतो. ती तांदूळ निवडत होती. "जा," ती म्हणाली. "मला नको सांगूस."

तेव्हा मी सांगितलं. सगळं, पूस बदी तीजपासून. आईनं ताट खाली ठेवलं, स्वतःशीच महिने पुटपुटले, एकदा तिचे, एकदा आमचे.

"इतकी वर्षं मी त्या माणसाकडे पाठ फिरवली," ती म्हणाली, "आणि तू मला फिरवू दिलीस?"

मी म्हणालो, त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या आणि दुर्गाघाटाकडे निघाली. मी मागे निघालो तर उंबऱ्यात वळून म्हणाली, "तू नंतर जा." आणि एकटीच गेली.