सपाट उंबरा

पिंपरीपासून तळेगावपर्यंतच्या पट्ट्यात एकही भिंत सरळ नाही, असे माझ्या साडूंचे मत होते आणि ते त्यांनी बहुतेक भिंतींच्या मालकांना तोंडावर सांगितले होते. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. खिशात पेनाऐवजी पोलादी पट्टी असे आणि पिशवीत, भाजीच्या खाली, काटकोन तपासायचा गुण्या. माझ्या लग्नात त्यांनी बोहल्यावरचे दोन्ही पाट मोजले आणि माझा पाट तीन सूत आखूड असल्याचे मंगलाष्टके चालू असताना माझ्या कानात सांगितले. दिवाळीत त्यांच्या घरची शंकरपाळी पट्टी लावून कापलेली असत. त्यांतले एखादे वाकडे निघाले तर ते पाहुण्यांना न देता स्वतः खात. एकदा ते मला भेटायला वृत्तपत्राच्या कचेरीत आले. टेबलावरच्या अंकावर पट्टी ठेवून म्हणाले, तिसरा कॉलम खाली जाताना डावीकडे सरकतो. अंक छापून गेला आहे, असे मी सांगितले. "मग वाकडा छापून गेला," ते म्हणाले. ते खरे होते.

तेव्हा ते चिंचवड गावठाणात भाड्याने राहत. ताई, म्हणजे त्यांची पत्नी आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण, लहानपणापासून डावा पाय ओढत चालत. त्या घरातल्या फरशीचे कोपरे वर आलेले होते. त्यामुळे ताईंच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे. घरमालकाने एकदा कुरुळीचा एक मिस्त्री पाठवला. त्याने टाचेने फरशी दाबून पाहिली, ठीक आहे असे ठरवले आणि निघताना म्हणाला, "वैनी, पाय जरा उचलून चालत जावा." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. साडू चहा पीत होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हे इतके दुर्मीळ होते, की मला तो दिवस लक्षात राहिला.

पुढे त्यांना सोसायटीत घर मिळाले. भिंती बांधून मिळाल्या; फरशी ज्याची त्याने घालायची होती. बाकी सगळ्यांनी तोच कुरुळीचा मिस्त्री लावला. साडूंनी मात्र आपली फरशी आपणच घालणार असल्याचे जाहीर केले. शहाबादी फरशी, दोन बाय दोन फुटांची. छिन्नीने तोडली की कडा दातेरी होते, म्हणून ती विजेच्या यंत्राने, वरून पाणी सोडत कापायची. असे यंत्र बाजारात मिळत नाही, हे त्यांना अडचण वाटले नाही. भंगारातून पिठाच्या गिरणीची मोटर आणली, तिला दगड कापणारी चकती बसवली आणि चकती तापू नये म्हणून वर तुपाचा रिकामा डबा टांगून सलाईनच्या नळीने पाण्याची धार सोडली. यंत्र सुरू झाले की शेजारच्या तीन घरांतले दिवे मंदावत आणि रेडिओ खरखरू लागत. रबरी बूट घालून लाकडी पाटावर उभे असलेले साडू तासाभरात नखशिखान्त राखाडी होत. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले, तेव्हा दारावर सूचना लागली: 'आवाज रविवारी दहा ते एक. तक्रारी फरशी संपल्यावर.' खाली पट्टीने रेघ मारलेली होती.

मिस्त्री दर रविवारी दारात येऊन बिडी ओढत पाहत असे. "साहेब, दगुड हाय ह्यो, कापड न्हाई," असे तो पहिल्या दिवशी म्हणाला. मग कापलेल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला आणि नवी बिडी पेटवली. फरश्या एकमेकींना अशा भिडल्या होत्या की मध्ये नख शिरत नव्हते. शेवटच्या भिंतीशी मात्र एका टोकाला चार बोटे जागा उरली आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

"राव, तुमची फरशी गुण्यात हाय," मिस्त्री म्हणाला. "घर न्हाई."

आयुष्यभराचे मत स्वतःच्याच घरात सिद्ध झाल्याचा आनंद साडूंना झाला नाही. तीन रविवार ते निमुळती पाचर कापत राहिले आणि तिन्ही वेळा तिचे बारीक टोक तुटले. शेवटी मिस्त्रीने सुचवले, की आधीची ओळ थोडी अरुंद कापा, म्हणजे पाचरीचे टोक रुंद राहील. साडूंनी ते ऐकले आणि पुढे सर्वांना स्वतःची कल्पना म्हणून सांगितले.

वास्तुशांतीला तळेगावची आत्या आली. साडूंच्या घराण्यात तिचा शब्द शेवटचा होता. ती दाराशीच थांबली आणि उंबरा कुठे आहे, असे तिने विचारले. साडूंनी खाली बोट दाखवले. चौकटीत काळ्या दगडाची एक पट्टी होती, फरशीच्या अगदी पातळीत. आत्या म्हणाली, उंबरा ओलांडायचा असतो, तुडवायचा नसतो. असल्या घरात मी पाणी घेणार नाही. गुरुजींना तोड हवी होती. तूर्त एखादी लाकडी पट्टी ठोकता येईल, असे त्यांनी सुचवले. मिस्त्रीही जेवायला आला होता. तो चटकन हातोडी आणायला निघाला.

"थांब," साडू त्याला म्हणाले. मग आत्याकडे वळून, आवाज न चढवता, "लक्ष्मी घरात येते ती पाय उचलूनच येते, असं कुठं लिहिलंय? या घरात हिनं पाय उचलायचा नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी उचलावा."

मिस्त्रीने ताईंच्या पायाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"मला आधी आत तर येऊ द्या," ताई म्हणाल्या. "तुमचं भांडण होईस्तोवर पाय दुखायला लागला." त्यांनी वाकून काळ्या दगडाला हळदकुंकू वाहिले आणि पाय ओढत सरळ आत गेल्या. पाऊल कुठेच अडले नाही. आत्याने पाणी घेतले नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

ताई त्या फरशीवर चार वर्षे चालल्या. अंगठ्याची चिंधी मी पुन्हा पाहिली नाही. आम्ही बाकीचे सवयीने दारात पाय उचलत असू आणि नसलेल्या उंबऱ्यावरून धप्पकन आत पडत असू. साडू मात्र मुद्दाम, लोकांनी पाहावे म्हणून, काळ्या दगडावर भक्कम पाय देऊन ये-जा करत.

गेल्या वर्षी ताई गेल्या. परवा मी साडूंकडे गेलो होतो. यंत्र पोत्याखाली झाकलेले होते. मी उठलो तसे ते मला फाटकापर्यंत पोचवायला निघाले. दारात त्यांनी पाय उचलला आणि तो काळा दगड ओलांडला. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आले.

"तिचं कुंकू आहे त्यावर, साडूभाऊ," ते म्हणाले.

दगड स्वच्छ धुतलेला होता. मला त्यावर काही दिसले नाही. मीही पाय उचलला.