झाकणावरचा आकडा

धक्क्याच्या वरच्या पायरीला लागून मोटारकाकूंचं दुकान. होडीमागे लावायच्या जुन्या मोटारी दुरुस्त करायचं काम मूळ काकांचं. त्यांचे हात थरथरायला लागले तसे पाने काकूंकडे आले आणि काका खुर्चीत बसून चुका काढू लागले. काकू महाभित्र्या, गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परतणाऱ्या. म्हणून काम चोख, असं लोक म्हणत.

त्या दुपारी भंगारवाला हातगाडीवर एक मोटार घेऊन आला.

"काकू, झाकणावर पंधरा हॉर्सपॉवर लिहिलंय, पण कंपनीच्या दुकानात नंबर दाखवला तर म्हणाले, ही आठचीच. झाकण दुसरीचं!"

"मग पंधराची कुठाय?"

"तुम्हीच नेलीत की मागच्या आठवड्यात. दोन्ही एकाच ढिगातल्या. झाकणांची अदलाबदल झाली असणार."

काकूंच्या हातातला पाना खाली पडला. ती मोटार होडीला लावून सकाळीच त्यांची मुलगी तीन प्रवासी घेऊन नदीपलीकडे गेली होती. आता परतीचे प्रवासी घेऊन निघाली असणार.

त्या मोटारीच्या, होडीला अडकवायच्या क्लॅम्पवरची नंबरपट्टी कुणीतरी आधीच घासून टाकली होती. इंजिनाच्या अंगावर बटणाएवढी चकती असते, तिच्यावरही नंबर असतो. पण ती रंगाखाली गेलेली. "खरवडून बघ," काका म्हणाले होते. "तुम्ही गप्प बसा हो," असं म्हणत काकूंनी झाकणावरचा आठ बघितला आणि इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारा रबरी पंखा आठचाच घातला. जरासा सैल बसला. पिंपात मोटार चालवली तर मागून पाण्याची धार बरी आली. पण पिंपात ओझं कुठलं? भरल्या होडीत पाणी पुरणार नाही, इंजिन तापेल, अडकेल. आणि मधल्या धारेत अडकलं, तर प्रवाह थेट बंधाऱ्याकडे नेतो.

फोन लागेना. काकू अनवाणीच पायऱ्या उतरल्या. होडी दिसत होती, नखाएवढी. मोटारीचा आवाज येत होता. काकू तो आवाज मोजल्यासारखा ऐकत उभ्या राहिल्या.

आवाज थांबला.

होडी हळूहळू प्रवाहात आडवी वळली. काकूंना देवाचं नावसुद्धा आठवेना. वरून काका ओरडत होते, "काय झालं? अगं, बोल ना!" मग होडीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी हललं. वल्ही! पण होडी पुढे सरकते आहे की वाहत चालली आहे, ते इथून कळत नव्हतं. ती झाडीआड गेली.

किती वेळाने कोण जाणे, फोन वाजला.

"आई, मोटारीतून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब थेंब यायला लागले. बंद केली लगेच. वल्हवत पलीकडच्याच काठाला लागलो. आत काय घातलंयस गं?"

खोटं बोलायची सोय होती. भंगारवाल्याचं नाव घेता आलं असतं.

"चुकीचा पंखा," काकू म्हणाल्या. "मी चकती बघितली नाही."

मुलीने आवाज खाली आणला. "हळू बोल. प्रवासी ऐकतायत."

"होडी तिथेच बांध. पुलावरून चालत ये."

"आई, दोन तास लागतील!"

"लागू देत," काकू म्हणाल्या आणि ओल्या पायरीवर बसल्या.