टॅन्सीचा पट्टा

कॅनडात, ओटावाशेजारच्या कनाटातली ऑफिसं मागे पडली की तासाभरात जंगल सुरू होतं. त्या जंगलाला टेकलेल्या एका गावात जयदीप टिपणीस बायकोला, सलोनीला घेऊन राहायला आला, तो ले-ऑफनंतर. नागपूरचा रेडिओ इंजिनियर. गावात कोणी वाईट वागलं नाही, पण जवळही केलं नाही. ग्रोसरीच्या दुकानात लोक हवेबद्दल बोलत आणि निघून जात.

बोलणं सुरू झालं ते शेजारच्या लॉर्नमुळे. लॉर्न म्हातारा, एकटा, शिकारी. त्याच्या कुत्र्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे असत. कुत्री हरणामागे मैलोन्‌मैल धावत आणि लॉर्न हातातल्या यंत्रावर बघे, कोण कुठे आहे, धावतंय की थांबलंय. एकदा पट्ट्याची अँटेना तुटली, जयदीपने ती जोडून दिली. तेव्हापासून लॉर्नबरोबरच्या शिकाऱ्यांच्या सगळ्या टोळीचे पट्टे त्याच्याकडे येऊ लागले. संध्याकाळी तो पट्ट्यांवरचे चार्जिंगचे धातूचे ठिपके जुन्या टूथब्रशने घासून चिखल काढी, त्यांना चार्जरचे चिमटे लावी आणि सकाळी प्रत्येक पट्टा यंत्रावर तपासून मगच हातात देई.

"जे, तू हरीण खात नाहीस आणि माझ्या कुत्र्यांना मात्र त्याच्यामागे सोडतोस," लॉर्न म्हणे; जयदीपचं त्याने 'जे' करून टाकलं होतं. "तुझ्या देवाला काय सांगतोस?"

"सांगतो, पापी लॉर्न आहे. मी नुसता इलेक्ट्रिशियन."

लॉर्न खो खो हसे. त्याची टॅन्सी नावाची कुत्री, लांब कानांची, म्हातारी होत चाललेली, जयदीपच्या बुटांवर हनुवटी टेकून बसे.

त्या वर्षी दिवाळी शिकारीच्या हंगामातच आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पट्टे आले ते हरणाच्या रक्ताने माखलेले. सलोनी दारातच आडवी आली.

"आजच्या दिवशी हे घरात नको, जयदीप. वास बघ कसा येतोय. गॅरेजमध्ये लाव ना."

"तिथे थंडी असते गं."

"एका संध्याकाळपुरतं. पूजा झाली की आण आत."

तिचं काही चुकत नव्हतं. रोज ती त्या पट्ट्यांशेजारी पोळ्या लाटायची. त्याने पट्टे पुसून गॅरेजमध्ये लावले. लाल दिवे लागले. मग ओटावाहून पाहुणे आले, फराळ झाला, गप्पा रंगल्या, आणि पट्टे आत आणायचे राहिले. पारा शून्याखाली उतरला. गोठलेली बॅटरी चार्ज घेत नाही, दिवा जळत असला तरी. हे जयदीपला सांगायला कोणी नको होतं. नोकरीत असताना हेच तर त्याचं काम होतं.

सकाळी पाडवा. सलोनीने पाट मांडला, अभ्यंगाचं पाणी काढलं, निरांजन घेऊन ओवाळायला उभी राहिली. बाहेर लॉर्नचा ट्रक भोंगा देत होता. कपाळावरचं ओलं कुंकू तसंच घेऊन जयदीप गॅरेजकडे धावला आणि पट्टे उचलून ट्रकमध्ये बसला. यंत्रावर तपासायचं राहिलं. पट्टे चालू होते, आदल्या दिवशीचा उरलासुरला जीव त्यांच्यात होता. जयदीपने तेवढ्यावर समाधान मानलं.

दुपारी टॅन्सी एका हरणामागे दलदलीकडे गेली. तिचा आवाज लांब लांब होत थांबला. लॉर्नने यंत्र पाहिलं. तिचा बाण एका जागी गोठला होता, आणि शेजारी सिग्नल तुटल्याचं प्रश्नचिन्ह.

"बॅटरी?" लॉर्नने विचारलं.

"मी रात्री गॅरेजमध्ये लावले होते. थंडीत. सकाळी तपासले नाहीत."

लॉर्नने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "अंधार पडायच्या आत," एवढंच म्हणाला, आणि चालू लागला.

बाकीची कुत्री बांधून माणसं पांगली. हाका मारून जयदीपचा घसा बसला. बाण जिथे थांबला होता तिथे नुसता बर्फ आणि हरणाच्या खुरांच्या खुणा. तिथून पुढे ती कुठे गेली, हे सांगायला काहीच उरलं नव्हतं. माणसं एका बाजूला शोधत राहिली आणि टॅन्सी दुसऱ्या बाजूला होती.

सापडली ती उन्हं कलल्यावर, बीव्हर या प्राण्यांनी फांद्यांचा बांध घालून अडवलेल्या तळ्यात. कोवळा बर्फ फुटून आत गेली होती. भोवतालची कड नखांनी ओरबाडून ओरबाडून गोल तुटलेली. तिचा जीव लगेच गेला नव्हता. पट्टा चालू असता तर बाण तळ्यावर थांबलेला दिसला असता, आणि तळं काही फार लांब नव्हतं.

लॉर्न पोटावर सरपटत गेला आणि तिला ओढून काठावर आणलं. कोणाला हात लावू दिला नाही.

लॉर्नच्या घरामागे खड्डा त्याच दिवशी काढणं भाग होतं, जमीन गोठत चालली होती. लॉर्नने कुदळ घेतली, पण दोन घाव घालून तो थांबला. जयदीपने न विचारता ती काढून घेतली. लॉर्नने सोडली. सलोनी कुंपणापाशी येऊन उभी राहिली, सणाच्या साडीवर पार्का, थंडीचा जाड कोट, घातलेली.

"लॉर्न, मीच त्याला बाहेर लावायला सांगितलं होतं," ती इंग्रजीत म्हणाली.

लॉर्नने मान हलवली. क्षमा म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, कळलं नाही.

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा जयदीप थांबला, दम लागला होता.

"आणखी खोल," लॉर्न म्हणाला. "रानातले कायोटी येऊन उकरतात."

जयदीपने पुन्हा कुदळ उचलली.