सिद्रामप्पाच्या गाडीचं शेपूट

वर्कशॉपच्या कोपऱ्यात तेलकट चिंध्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. आमच्या सिद्रामप्पाच्या शेडमध्ये दोन्हींचा ढीग होता.

सिद्रामप्पा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत फिटर, मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. गिरणीचा भोंगा झाला की आम्ही मंडळी त्याच्या शेडमध्ये जमायचो. कोणा साहेबाने टाकून दिलेली एक फटफटी त्याने उचलून आणली होती आणि तिच्या इंजिनावर तो तीन चाकांची मोटार बांधत होता. पेट्रोलचा अर्धा डबा, तेवढ्यात अक्कलकोटला जाऊन परत यायचं, हा त्याचा पण!

अक्कलकोटच का, तर ते नीलव्वावैनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेर. पहिल्याच फेरीत गाडी अर्ध्या वाटेवर रुसली आणि एका शेतकऱ्याच्या बैलांनी ओढून घरी आणली. वैनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी निकाल दिला, "बैलाबिगर अक्कलकोट गाठंल तवा मी बसंन. तवर न्हाय."

तेव्हापासून त्या माणसाच्या मनात दुसरं काही नव्हतं. बायकोने बापाच्या दारात आपल्या गाडीतून उतरावं, बस्स!

*

त्या वेळी इंजिन पुढच्या एकट्या चाकावर होतं. गाडी जोरात निघाली की तेलाचे शिंतोडे थेट बसणाऱ्याच्या तोंडावर. आणि बसणारा म्हणजे आमचे अण्णाराव, कचेरीतले कारकून, पांढऱ्याशुभ्र धोतराचे शौकीन आणि अंगाने चांगलेच भरलेले.

एकदा ते चक्कर मारून उतरले ते निम्मे काळे होऊन. सिद्रामप्पा त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता माफी मागेल. तो म्हणाला, "काळं समदं उजव्या गालावर हाय. वारा डाव्या अंगानं शिरतोय."

आणि पत्रा ठोकायला निघून गेला.

*

अण्णारावांनी बसायचंच सोडलं तेव्हा इंजिन मागच्या दोन चाकांमध्ये नेलं. धूर मागे, तेल मागे, तोंड स्वच्छ. पण सगळं वजन मागे गेल्याने रेल्वेच्या पुलाच्या चढावर पुढचं चाक जमिनीवरून उठलं. सिद्रामप्पा हँडल फिरवतोय आणि गाडी आपल्या मर्जीने चाललीय! शेवटी ती एका केळीवाल्याच्या हातगाडीपाशी टेकली.

उपाय एकच होता. पुढे भारदस्त माणूस हवा. अण्णारावांची मनधरणी करून त्यांना नाकाजवळ बसवलं आणि गाडी सुतासारखी सरळ चालू लागली. अण्णारावांचाही भाव वधारला. पुढे त्यांच्या बायकोने त्यांना सोमवारचा उपास धरायला लावला, तर सिद्रामप्पा घाबराघुबरा त्यांच्या घरी जाऊन पोचला. "वैनी, उपास सोडवा त्यांचा. चढावर लागत्यात ते आमाला."

*

मग त्याच्या डोक्यात वारा शिरला. पेट्रोल इंजिन खात नाही, वारा खातो, असं तो म्हणू लागला. पाण्यात मासा कसा सहज जातो, तोंडाशी जाड आणि मागे निमुळता, तशी गाडी हवी.

सिद्रामप्पाचं घर लिंगायत. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आणि हा गडी भर बाजारात मासेवालीसमोर उकिडवा बसून मासे उलटेपालटे करतोय! तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली. वैनींनी त्याला बाहेरच थांबवून डोक्यावर घागरभर पाणी ओतलं. हा गारठून एकच सांगत होता, "अगं, खायाला न्हवं, मोजायला गेलतो!"

खिशात दोरा होता. त्यावर माशाच्या मापाच्या गाठी होत्या.

*

त्या मापावरून मी चित्र काढलं आणि नरसय्याने गाडीला पुढे गोल नाक आणि मागे शेपूट बांधलं. नरसय्या आमच्यातला विणकर, घरी तेलुगू बोलणारा. बांबूच्या कामट्यांवर त्याने मांजरपाट ताणला आणि कापड ताठ राहावं म्हणून त्यावर खळ चढवली. विणकर सुताला लावतात तीच, पिठाची खळ. वाळल्यावर शेपूट ढोलासारखं वाजायला लागलं. आम्ही सगळे खूश!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेळीने ते अर्धं खाल्लं.

सिद्रामप्पा डोकं धरून बसला. नरसय्या मात्र उरलेलं कापड चोळून बघत शांतपणे म्हणाला, "खळ चांगली उतरली होती, मास्तर. वाईट असती तर तोंड लावलं नसतं तिने."

नवं शेपूट चढवलं आणि शेळीला शेडबंदी झाली.

*

अखेर गाडी अक्कलकोटला निघाली. सिद्रामप्पा एकटाच जाऊन बघणार होता, पण वैनी नवं इरकल नेसून आल्या आणि सरळ आत बसल्या. "बैल दिसला की उतरंन," म्हणाल्या. अण्णारावांच्या जागी ज्वारीचं पोतं ठेवलं. अण्णारावांना ते फार लागलं.

पुढचं मला वैनींनीच सांगितलं. गाडी वाटेत एकदाही थांबली नाही. अक्कलकोटची शीव आली आणि बघतात तो काय, रस्त्यात बैलजोडी उभी! जावई मोटारीतून येणार म्हटल्यावर सासऱ्यांनी काळजीने ओढायला पाठवली होती. गडी दोर घेऊन पुढे झाला. सिद्रामप्पाचा चेहरा पडला.

वैनी उतरल्या नाहीत. त्या गड्याला म्हणाल्या, "बैलं मागं बांध."

अशी वरात गावात शिरली. पुढे मोटार, मागे बैल. वैनी बापाच्या दारात उतरल्या तेव्हा सिद्रामप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. (हे त्याने कधी कबूल केलं नाही, वैनींनी सांगितलं.) सासऱ्यांनी कानडीत "बर्री, बर्री", या या, करत दोघांना आत नेलं. होळगी, म्हणजे तिकडची पुरणपोळी, झाली, तूप झालं, गप्पा झाल्या. त्या आनंदात बैल सोडायचे राहिले, आणि खळीची आठवण कोणालाच झाली नाही.

बाहेर आले तेव्हा शेपटाच्या नुसत्या कामट्या उरल्या होत्या. सिद्रामप्पाने त्या मुकाट्याने उपटून सासऱ्याच्या गोठ्यात टाकल्या, टाकीत काडी बुडवून उरलेलं पेट्रोल मोजलं आणि परतीला निघाला. आता अर्ध्या डब्यात काही भागत नाही, हे तो वाटभर पुटपुटत होता.

आम्ही शेडमध्ये वाट बघतच होतो. गाडी आली, बिनशेपटाची. सिद्रामप्पाने उतरून आधी टाकीत काडी बुडवली. जाताना जेवढं पेट्रोल लागलं होतं, येताना त्याहून कमी लागलं होतं. त्याने काडी पुसून पुन्हा बुडवली. तेच. नरसय्या छपराकडे बघत होता.

वैनींनी पदरात बांधून आणलेली होळगी सोडली, एकदा काडीकडे पाहिलं, एकदा गाडीच्या गोल, ताणलेल्या नाकाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या,

"बैलं हितंच बोलवून घ्या की. नाक ऱ्हायलंय अजून."