मेला त्यानं चहा करायचा

निखिल दर रविवारी मरायचा.

मरायचा, उठायचा आणि किचनमधून ओरडायचा, "मी मेलो! साखर कोणाले कमी?"

खरंच गेला, त्याले आज महिना झाला.

ड्युटीवरून आला, सोफ्यावर बसून बूट काढत होता. एक बूट निघाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

निखिल माझा नवरा. वरठीच्या प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी आणि डोक्यात बोर्ड गेमचं खूळ. लोकं ऑनलाइन कपडे मागवते, हा माणूस गेमचे डबे मागवायचा.

शेजारचे काका विचारायचे, "काय रे, लुडो आणला का?"

"हो काका, महागातला आहे."

खेळायले आम्ही चौघं. मी, निखिल, त्याचा प्लांटमधला दोस्त मंगेश आणि मंगेशची बायको श्वेता. रविवारची दुपार, हॉलमध्ये जमिनीवर चादर टाकून.

सगळ्यात जास्त खेळलो तो गुहेचा गेम. आत जायचं, खजिना उचलायचा आणि श्वास संपायच्या आत बाहेर यायचं. श्वासाचे निळे बिल्ले असतात. बिल्ले संपले की तुम्ही मेले. बाकीचे खेळत राहते.

नियमांचं पुस्तक इंग्रजीत. निखिलनं आम्हाले आपल्या भाषेत समजावलं होतं.

"हे चौकोन म्हणजे धानाच्या शेतातल्या बांध्या. एका बांधीतून बाजूच्या बांधीत जायचं. मधातच उडी नाही मारायची, समजलं का?"

एक नियम मात्र पुस्तकातला नव्हता, त्याचा स्वतःचा होता. मेलेला माणूस रिकामा बसते, म्हणून चहा त्यानं करायचा.

आणि मरे कोण? दर वेळी हाच! खजिना दिसला की घुसला आत. बिल्ल्यांकडे पाहायचाच नाही.

काल मंगेश हळूच म्हणाला, "वहिनी, तो मुद्दाम मरायचा. तुमची हप्त्यातून एकच सुट्टी, तुम्हाले उठावं लागू नये म्हणून."

मले माहीत होतं ना. बायको आहो मी त्याची. माहीत होतं म्हणून तर आरामात पाय पसरून बसायची.

आईले, म्हणजे माझ्या सासूबाईले, हा प्रकार बिलकुल पसंत नव्हता. "घरात मेलो-मेलो काय लावलं रे? दुसरा शब्द नाही भेटत का तुले?"

"बरं आई, आउट झालो म्हणतो."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "मी मेलो!"

तो गेल्यावर पुण्यानुमोदन झालं. भन्तेजी आले, जेवणं झाली, पाहुणे गेले. कोणाले भाजी पाहिजे, कोणाले पाणी, सगळं मीच पाहिलं. बाया मले म्हणत, "रड बाई, मोकळी हो."

नळ आहो का मी? तोटी फिरवली का सुरू?

काहीच होत नाही मले. भूक लागत नाही, राग येत नाही. शाळेत जाऊन राहिली, पोरांच्या वह्या तपासून राहिली. बस.

मागच्या हप्त्यात माहेरून, सानगडीहून दादा आला. "सामान बांधून ठेव. सोमवारी घ्यायले येतो. इथं एकटी काय करशील?"

एकटी म्हणे! आई समोरच तांदूळ निवडत बसल्या होत्या. दादाले त्या दिसल्याच नाही.

आई खडेच वेचत राहिल्या. त्या दिवशी कोणी जा म्हटलं असतं तर गेली असती, राहा म्हटलं असतं तर राहिली असती.

सामान मात्र बांधलं.

काल रविवार. मंगेश आणि श्वेता नेहमीच्या टायमाले आले. फोन नाही, काही नाही. श्वेतानं न विचारता चादर टाकली आणि गुहेचा डबा उतरवला. मी बसली. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

मंगेश सोंगट्या मांडता मांडता थांबला. चौथी हातातच राहिली.

तेवढ्यात आई आतून आल्या आणि चादरीवर बसल्या. "दे ते मले. कसं चालाचं ते सांग."

श्वेतानं बांध्यांचा हिशोब सांगितला. आईनं मान हलवली.

काय खेळल्या म्हणता! खजिन्याकडे पाहिलंच नाही. मी जिकडे, तिकडे त्यांची सोंगटी. मंगेश म्हणाला, "काकू, तिकडे काहीच नाही."

"असू दे. हे आहे ना तिकडे," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

माझं लक्ष कुठं होतं? खोल गेली, बिल्ले संपले. मंगेशनं मान खाली घातली. श्वेता फाशाकडे पाहत राहिली.

सवयीनं माझ्याच तोंडून निघालं, "मी मेली."

"तोंड सांभाळ, प्रणाली!"

एवढा मोठा आवाज आईचा मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी आपले बिल्ले उचलले आणि अर्धे माझ्यासमोर ठेवले.

"आई, असं देता नाही येत. नियमात नाही."

"जळो तुमचा नियम. माझं एक लेकरू गेलं. आता या घरात कोणी मरत नाही. घे म्हणतो ना!"

मी घेतले.

दोघी एकमेकींच्या मागं-मागं गुहेच्या बाहेर निघालो. मंगेश आणि श्वेता पण निघाले. खजिना कोणाच्याच हातात नव्हता. कोणी मेलं नाही म्हणून चहाले कोणी उठलं नाही. लोकं आमच्या घरून बिना चहाचे गेले, हे पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी दादाले फोन केला. "नको येऊ."

"अगं, तिथं कोण आहे तुझं?"

"आई आहे."

तो काही-काही बोलत होता. मी फोन ठेवला आणि बॅग खोलून कपडे परत कपाटात लावले. आई दारात उभं राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "भात टाकतो दोघींचा."

रडू अजून नाही आलं. येईल तेव्हा येईल.

निखिल, भावपूर्ण वगैरे मले आज लिहिता येत नाही. नुसती श्रद्धांजली घे.

जा तू. आईजवळ मी आहो.

जयभीम.