गफ्फार दर्ज्याच्या खुंटीवरचा कोट

वाशिमकडच्या मालेगावच्या बाजाररस्त्यावर गफ्फार दर्ज्याचं दुकान होतं. शिलाई बेताचीच, एक बाही लांब तं एक आखूड. तरी बाजारच्या दिवशी तिथं बसायले जागा भेटत नसे, कारण गफ्फार अकोल्याहून येणारं साप्ताहिक मोठ्यानं वाचून दाखवे. गावात त्याची एकच प्रत येई. मराठी शाळेत चार यत्ता झाल्या होत्या अन् आवाज खणखणीत. बाकी माणूस भित्रा. पाटलाची घोडी दुरून दिसली तं हा आधीच रस्त्याच्या कडेले.

त्या साली सारे सेवादासच्या बातमीची वाट पाहत. सेवादास बंजाऱ्यायच्या तांड्याचाच माणूस. वेठबिगार बंद करा म्हणत गावोगाव सभा घ्यायचा. सायबाचा तंबू वाहा, पाटलाचं सरपण आणा, गाडी फुकट जुंपा, यातच लोकायच्या पिढ्या गेल्या होत्या. सेवादासची रीत न्यारी. स्वतः थोडं बोले, मग सभेतून एकाले उभं करे. नाव सांग, बापाचं सांग, तांडा सांग, मग काय सोसलं ते सांग. बातमीदार ते तसंच छापे. कारंजाकडं नाव छापलेल्या एकाची कडब्याची गंजी पेटली होती, हेही साऱ्यायले ठाऊक होतं.

एका बाजारी गफ्फार वाचून राह्यला होता. समोर भाऊसिंग बसेल होता, पाटलाचा माणूस, कोटाचं माप द्यायले आलेला. वाचता वाचता गफ्फारची नजर पुढच्या ओळीवर गेली. तिथं हेमलाचं नाव होतं. किन्हीराजाकडच्या तांड्यावरचा हेमला. त्याच्या बंड्या गफ्फारच शिवे. ऐन पेरणीत पाटलानं गाडी बिगारीत धरली, घाटात बैल मेला, असं त्यानं वाशिमच्या सभेत सांगतलं होतं.

"एका गाडीवानानं सांगतलं," एवढं म्हणून गफ्फार पुढं वाचू लागला.

भाऊसिंगनं मधातच विचारलं, कोण गाडीवान. गफ्फार म्हणाला, नाव नाही दिलं. मग भाऊसिंगनं हात पुढं केला. पेपर दे, पाटलाचे कारभारी वाचतीन.

दर्जी लोक जुन्या पेपरावर कपड्याचा फरमा कापते. पण ताजा पेपर साऱ्या बाजाराचा, त्याले कैची लावायची नाही, असा गफ्फारचाच नेम होता. त्या दिवशी त्यानं तो मोडला. तुमच्याच कोटाचा फरमा काढतो म्हणत पेपर फळीवर पसरला अन् बातमीतून कैची फिरवली. घाईत कागदाची कॉलर वाकडी निघाली. नाव त्या कॉलरीत होतं. ती त्यानं मशीनच्या खणात सारली. उरलेले तुकडे भाऊसिंग घेऊन गेला.

पुढच्या बाजारी हेमला दुकानात आला. गफ्फारले वाटलं, हा दोन शब्द बरे बोलीन. पण हेमला पायरीवरच उभा राह्यला. पाटील आता गावभर सांगून राह्यला होता की तांड्यातलं कोणीच बोललं नाही, सेवादास खोटारडा अन् पेपरही खोटा. अन् हेमलाले उरलेल्या एका बैलासंगं दुसऱ्याचा जोडून गाडी पुन्हा आणायचा हुकूम झाला होता.

"माहं नाव काहून गिळलं, चाचा?"

"तुह्याच जिवासाठी."

"जीव माहा, अन् भेव तुले. बिननावाचा माणूस मेला तं पाटलालेच ठाऊक. छापलेला मेला तं दहा गावं इचारते. म्हणून तं उभा झालो म्या. आता वाच."

गफ्फार मशीनचं चाक उगाच फिरवत बसला. तेवढ्यात भाऊसिंग आला, कच्च्या शिलाईचा कोट अंगावर घालून पाह्यले. एकच बाही जोडेल होती. गफ्फारनं कोट चढवला, खडूनं रेघ ओढली, ती नागासारखी वाकडी गेली. कडब्याची गंजी डोळ्यापुढून हटेना. मागं पडद्याआड त्याची बायको अमीनाबी काज करत होती. तिनं सारं ऐकलं होतं.

ती हळूच म्हणाली, "भ्यायचं तं भ्या. पण वाचून भ्या."

गफ्फारनं खण उघडला. कॉलर काढली. मग त्यानं वाचलं: हेमला, बापाचं नाव सोमला, तांडा, पाटलाचं नाव, घाटात मेलेल्या बैलाचं नाव, लाख्या. बाजार थांबून ऐकत होता. भाऊसिंग एका बाहीनं उभा होता.

त्यानं कोट उतरवला, फळीवर टाकला.

"तू वाचलं," भाऊसिंग एवढंच म्हणाला अन् गेला.

हुकूम झाला होता तरी हेमलाच्या गाडीले त्या साली बोलावणं आलं नाही. त्याची गंजीही जळली नाही. गफ्फारची झोप मात्र गेली ती गेलीच. मशीन त्यानं फिरवून घेतली, पाठ भिंतीले अन् तोंड रस्त्याकडं. बसून बसून भिंतीचा चुना त्याच्या पाठीले लागे.

तो एकबाही कोट खुंटीले तसाच राह्यला. कापड चांगलं होतं, किती जणायनं मागतलं. गफ्फार देत नसे. भाऊसिंग घ्यायले येईन, म्हणे. अन् असं म्हणताना रस्त्याकडं पाहे.