भावाचं ताट

तळलेल्या केळ्यांचा वास आला की जर्सी सिटीतलं एक जेवण आठवून माझे कान गरम होतात. शेजारच्या कोलंबियन मावशींचं जंगलातलं गाव यादवीत जळालं होतं. तिथं पुन्हा घरं उभी राहिली, म्हणून त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. मी उशिरा पोचलो, वाढलेलं ताट दिसलं तशी खुर्ची ओढली आणि निम्मं फस्त केलं. बायको कुजबुजली, "अरे, ते त्यांच्या बेपत्ता भावाचं ताट आहे!" सारवासारव म्हणून मी मावशींना म्हणालो, "आमच्याकडेही असं वाढतात, कावळा येऊन खातो." "कधी?" त्यांनी विचारलं. "माणूस गेल्यावर," मी बोलून बसलो. मावशी उठल्या. मग आत जाऊन त्यांनी दुसरं भरलेलं ताट आणलं आणि टेबलावर ठेवलं. ते मला होतं की भावाला, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.